देवघरातलं पाकीट

१४ नोव्हेंबर १९९४

लतिकाताईंनी आज दोन वह्या दिल्या. एक कामाची: किती दाया आल्या, काय शिकवलं, तारीख, सही. दुसरी उरली होती म्हणून दिली. पहिलीत काय झालं ते लिहीन आणि हिच्यात खरं काय झालं ते.

तर खरं असं की शाळेनं गृहविज्ञान हा विषयच बंद केला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी घरी बसले. घरी बसून चार महिन्यांत मी ह्यांना इतकी शिस्त लावली की हेच गुपचूप लतिकाताईंकडे गेले असावेत, असा माझा संशय आहे. ताई डॉक्टर. रामनगरात बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठी त्यांनी लहानशी संस्था काढली आहे. तिथल्या दायांना शिकवायला त्यांना बनारसी बोली येणारी बाई हवी होती. माझा जन्म काशीतल्या दूधविनायकातला, सात पिढ्या इथल्याच. मी घरात मराठी बोलते आणि भांडते बनारसीत. नेमणूक झाली.

हे पाठशाळेत संस्कृत शिकवतात. बातमी ऐकून म्हणाले, "सुरेखा, आता रामनगरचं भलं होणार." स्वतःचं भलं झाल्याचा आनंद मात्र तोंडावर मावत नव्हता.

१७ नोव्हेंबर

पहिला वर्ग. सामने घाटावरून नावेनं नदीपलीकडे रामनगरला गेले. नऊ दाया आल्या होत्या. सगळ्यांत वयस्क गंगा. साठीची असेल, निम्मं रामनगर तिच्या हातावर जन्माला आलंय म्हणतात. तिला सगळे काकी म्हणतात. मी शिक्षिका, मी कसं म्हणणार? मी गंगाच म्हणते.

शिकवायला मी घरून कापडी बाहुली शिवून नेली होती, दोऱ्याची नाळसुद्धा लावली होती. बाहुली टेबलावर ठेवून मी तक्त्यावरचं पहिलं चित्र समजावत होते, तेवढ्यात गंगा उठली, बाहुली उचलली, पदरात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसली.

"बहिनजी, ठंढी में लइका उघारे पडल हौ," म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ही बाहुली आहे, तिला थंडी वाजत नाही. ती म्हणाली, मग शिकणार कसं? वर्गाची शिस्त फारच कच्ची आहे. बाळाला ऊब देण्याचं चित्र सातवं आहे, तिथे आपण जानेवारीत पोचणार.

इथली एक रीत मात्र मला आजच नीट कळली. बाळंतपण घरातली कुणीही जाणती बाई करते, पण नाळेला हात लावत नाही. नाळ कापणं विटाळाचं, ते गंगाच्या जातीच्या बायकांनीच करायचं. तिला निरोप जाणार, ती येणार, तोवर मूल तसंच जमिनीवर पडून. कधी घटका, कधी दोन. आणि काम झालं की तिनं मागच्या दारानं निघून जायचं. ऐकून माझा संताप झाला. कसल्या ह्या अंधश्रद्धा!

घरी आल्यावर न्हाऊन मगच देवघरात गेले.

३० नोव्हेंबर

पाकिटं तयार होऊन आठवडा झाला! आत साबणाची वडी, नवं ब्लेड, उकळून वाळवलेला दोरा, स्वच्छ कापड आणि खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद. जन्मताना एवढं स्वच्छ मिळालं तर बाळाला धनुर्वात होत नाही, नाळ पिकत नाही. तीन रात्री हे आणि मी पाकिटं चिकटवत होतो. ह्यांनी एकही सरळ चिकटवलं नाही.

दिवस भरत आलेली बाई असेल त्या प्रत्येक घरात एक द्यायचं. गंगाचं म्हणणं वेगळंच. "पाकिट हमहन के दे दीं. बुलावा आई त लेके जाब." म्हणजे दायांकडे द्या. मी समजावलं की घरच्यांना जबाबदारी वाटायला हवी. शिवाय दाया साबण घरी वापरतील अशी मला भीती, पण ते बोलले नाही.

माझी अडचण वेगळी होती. दोन घरांत फोडलेलं पाकीट सापडलं. एकीकडे ब्लेडनं सासऱ्यांची दाढी, दुसरीकडे कागद छपरावर. मग मला युक्ती सुचली. आता देताना मी सांगते, "हे देवाच्या प्रसादासारखं जपा. बाळ येईपर्यंत कुणी शिवायचं नाही." बायका लगेच कपाळाला लावून घेतात. पुन्हा एकही फुटलं नाही. माणसाच्या श्रद्धेला योग्य वळण कसं लावावं, ह्यावर मी एक लेख लिहू शकेन.

५ जानेवारी १९९५

हिमानी आली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी. जबलपूरहून जावई कुशल स्वतः पोचवायला आले आणि बँकेत हजर व्हायचं म्हणून उद्याच परतणार. पोर वाळली आहे. लतिकाताईंनी तपासलं, रक्त कमी आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. तारीख पंचवीस मार्च. बाळंतपण रुग्णालयातच, त्यात वाद नाही. माझ्या मुलीच्या आणि तिच्या बाळाच्या केसालाही धक्का लागता कामा नये. एवढं एक पार पडू दे, मग मी देवाकडे काही मागणार नाही.

हिमानीचंही एक पाकीट मी केलं, देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवलं. रुग्णालयात काही त्याची गरज नाही, पण लोकांना सांगायचं आणि आपल्या घरी नाही, असं नको.

१६ जानेवारी

हिमानी हट्टानं रामनगरला येते. म्हणते, नावेत बरं वाटतं. वर्गात मागच्या चटईवर गंगाजवळ बसते. दोघी हिंदीत कुजबुजतात. गंगा तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटते आणि काहीतरी पुटपुटते. मी शिकवलेलं तिला बहुधा वर्गात कळत नसावं, म्हणून हिमानीला विचारून घेते. शिकायची ही हौस कौतुकाची आहे.

घरी येताना हिमानी म्हणाली, "आई, काकींना विचारलंस का कधी, त्या कशा करतात ते?"

म्हटलं, अगं शिकवायला मी जाते ना!

२३ जानेवारी

आज फार वाईट वाटतंय. बाजारातल्या मिठाईवाल्यांची सून काल बाळंत झाली. नाळ कापली जुन्या विळ्यानं. घरात माझं पाकीट असताना!

मी तडक गंगाकडे गेले आणि तिला नको नको ते बोलले. ती चूल फुंकत होती, फुंकत राहिली. मग उठून म्हणाली, "बहिनजी, पाकिट भगवान के लगे रहल, हम दुआरी पर. के देत?"

तेव्हा कळलं. त्यांनी पाकीट खरोखर देवापुढे ठेवलं होतं, रोज फूल वाहत होते. बाळंतीण विटाळशी, तिच्याजवळच्या बायका विटाळशा, त्या देवघरात शिरणार कशा? गंगाला तर बाळंतिणीच्या खोलीपलीकडे कुणी आत घेत नाही. सासरे बाहेर गेलेले. विळा हाताशी होता. गंगानं तो चुलीवर तापवून घेतला, तेवढं तिला करता आलं.

मी म्हणाले होते प्रसादासारखं जपा. त्यांनी जपलं.

आईला धनुर्वाताची सुई टोचलेली आहे, हाच एक आधार. लतिकाताई म्हणाल्या, दोन आठवडे लक्ष ठेवायचं.

५ फेब्रुवारी

बाळ छान आहे! दूध ओढतंय, नाळ पडली, बेंबी कोरडी. मी मिठाईवाल्यांच्या दारात उभी राहून रडले, तर त्यांना वाटलं मला पेढे कमी पडले. आणखी दिले.

आता सगळ्यांना बजावते आहे की पाकीट देवापुढे नाही, फडताळात ठेवा. बिचारे भोळे लोक. आपल्याकडे शिकलेल्या घरात असं होत नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्र. गल्लीत आत्तापासून मुंगीला वाट नाही. हिमानीची कंबर दुखते आहे, शेक दिला. अजून चार आठवडे आहेत. ह्यांच्या अभिषेकाची तयारी चालू आहे, घरात दुधाच्या कळशा आणि बेलाचे ढीग. मी उद्या रामनगरची सुट्टी घेतली.

२८ फेब्रुवारी

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहून ठेवते.

काल सकाळी दहाला गंगा दारात. विश्वनाथाच्या दर्शनाला आले म्हणाली. एवढ्या लांबून, एवढ्या गर्दीत! हातात फूल ना बेल, नुसतं जुन्या मऊ धुतलेल्या कापडांचं बोचकं. दर्शनाला कापडं कशाला आणली, कोण जाणे. हिमानी तिला बघून म्हणाली, "आप आ गईं!" आणि पोर इतकी मोकळी हसली की मला जरा रागच आला. रात्रभर कळा सोसत होती, माझ्याजवळ अवाक्षर काढलं नाही. म्हणे, तू घाबरतेस.

अर्ध्या तासात पाणी गेलं. मी गल्लीत धावले. रिक्षा सोडा, माणूस वळू शकत नव्हता. हर हर महादेवच्या गजरात माझी हाक मलाच ऐकू येईना. परत आले तर गंगा शांतपणे म्हणाली, "कहीं ना जाए के. लइका आवत हौ."

मी कामाला लागले. पाणी उकळलं, खोली पुसली, आमचे दोघींचे हात धुतले. मग गंगानं विचारलं, पाकीट?

मी देवघराच्या दाराशी गेले आणि थांबले.

आत हे सोवळं नेसून अभिषेकाला बसलेले. बाळकृष्णाशेजारी पाकीट. माझ्या साडीला हिमानीचं पाणी लागलेलं. पाय उंबऱ्यावर जाईना. नऊ दायांना शिकवणारी, मिठाईवाल्यांना भोळे म्हणणारी मी! डोक्यात सगळं स्पष्ट होतं, पाय मात्र ऐकत नव्हता. आतल्या खोलीत माझी मुलगी ओरडत होती आणि मी आंघोळ करून येऊ का, ह्याचा विचार करत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण वही खरं लिहायलाच घेतली आहे.

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मंत्र मध्येच सोडला. पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं.

"अगं, घे. नाळ कापेपर्यंत सोयर लागतच नाही. शास्त्र आहे." मी तरी बघतच राहिले. तेव्हा मला बाजूला सारून सोवळ्यातच बाळंतिणीच्या दारापर्यंत गेले आणि पाकीट थेट गंगाच्या हातात दिलं. तीस वर्षं हे शास्त्र शिकवतायत. मला पहिल्यांदा शहाणे वाटले.

साडेअकराला बाळ आलं. निळसर, एवढंसं, आणि रडेना.

मला काही म्हणजे काही आठवेना. सगळे तक्ते पुसून गेले. गंगा म्हणाली, "पोंछीं बहिनजी! पीठ मलीं!" मी तशीच उभी. तेव्हा ती ओरडली, "सुरेखा! पोंछा!"

मी पुसलं. तिच्या बोचक्यातल्या मऊ कापडानं पाठ चोळली, डोकं पुसलं. तिनं बोटाला कापड गुंडाळून तोंड साफ केलं. मी चोळत होते आणि मनात फक्त रड, रड, एवढंच. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मांजरासारखा एक आवाज झाला, मग दुसरा, आणि मग पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मी खाली बसून तिच्याबरोबर रडले.

गंगानं बाळ हिमानीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून शाल घातली. दोरा बांधला, नव्या ब्लेडनं नाळ कापली. सगळं कसं, मी शिकवलं तसं. का ती आधीपासून तसंच करत होती, हे आता विचारायला हवं.

बाहेरून ह्यांनी विचारलं, काय झालं? गंगा घुटमळली. मुलगी झाली की इकडच्या घरांत दाईला तोंड लपवून जावं लागतं. हळूच म्हणाली, "लछमी आइल हइन." इथे थाळी फक्त मुलगा झाला की वाजवतात. ह्यांनी अभिषेकाचं ताम्हन रिकामं केलं आणि पळीनं असं बडवलं की पोचा आला. गंगा तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मी आनंदाच्या भरात मध आणि सोन्याची अंगठी घेऊन आले, बाळाला चाटवायला. हिमानी म्हणाली, "आई, तुझ्या तक्त्यावर नवव्या चित्रात काय आहे?"

नवव्या चित्रात मधाच्या बाटलीवर मोठी फुली आहे. मी स्वतः काढली आहे, लाल खडूनं. मध परत ठेवला. पहिलं चिकाचं दूध पोरीनं ओढलं, हळूहळू, पण ओढलं.

१ मार्च

लतिकाताई काल संध्याकाळी गर्दीतून वाट काढत आल्या. वजन एक किलो नऊशे. म्हणाल्या, लवकर आलंय, लहान आहे, पण तब्येत बरी आहे. औषध एकच: रात्रंदिवस आईच्या छातीला चिकटून ठेवा, वरचं काही देऊ नका. तळवे गार लागले किंवा दूध ओढलं नाही, तर एक क्षण थांबू नका.

म्हणजे धोका टळलेला नाही. मी दर तासाला तळवे चाचपते. हिमानी म्हणते, आई, तिला झोपू दे.

गंगा रोज येते. तिच्या हाताला जे कळतं ते मला घड्याळ लावून कळत नाही. हिमानी थकली की दुपारी शाल बांधून हे बसतात नातीला उघड्या छातीशी घेऊन. काल ती झोपलेली असताना तिला धातुरूपं ऐकवत होते.

६ मार्च

रामनगरला गेले. उरलेली सगळी पाकिटं दायांना वाटून टाकली. बोलावणं आलं की बरोबर घेऊन जायचं. नाहीतरी नाळ कापायची त्यांनीच, मग ब्लेड दुसऱ्याच्या घरात कशाला? लतिकाताईंना मी हा विचार माझा म्हणून सांगितला.

त्या म्हणाल्या, "उत्तम. गंगाकाकी हे केव्हा म्हणाल्या होत्या?"

म्हटलं, नोव्हेंबरात.

आणखी एक गोष्ट. नाळ कापेपर्यंत सोयर लागत नाही, हे ह्यांचं वाक्य मी वर्गात सांगितलं. म्हणजे मूल आलं की घरातल्या कुणीही त्याला पुसावं, आईजवळ द्यावं, गंगाची वाट बघत जमिनीवर ठेवू नये. दायांना फार आवडलं. एकीनं विचारलं, "आणि बहिनजी, नाळ कापल्यावर आमचं काय?" तो प्रश्न मी घरी घेऊन आले. ह्यांना विचारलं, तर हे रात्री उशिरापर्यंत पोथ्या चाळत बसले.

११ मार्च

काल बारसं झालं. बाळ दोन किलोच्या वर गेलं, म्हणून ताईंनी थोडा वेळ पाळण्यात ठेवायची परवानगी दिली होती. कुशल आले, त्यांची बहीण वैदेही आत्या म्हणून आली. दूधविनायकातल्या पंचवीस बायका नटूनथटून दाटीवाटीनं बसल्या. ह्यांनी चार वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढला होता.

गंगा अंगणात नळाजवळ उभी होती. हिमानीनं हाक मारली, "काकी, अंदर आइए." शेजारच्या विद्युल्लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला पूर्ण कळत होता, कारण चार महिन्यांपूर्वी मीही तसंच बघितलं असतं. मी म्हटलं, "या, काकी." तोंडातून आपोआप गेलं.

चार दहाला मी बाळ काकींच्या हातात दिलं, पाळण्यावरून माझ्याकडे द्यायला. काकींनी घेतलं आणि थांबल्या. झबल्याखाली हात घातला.

"पैर ठंढा हौ," म्हणाल्या. "अबहीं ना."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी झबलं, टोपडं, दागिने सगळं उतरवलं, बाळ हिमानीच्या पदराआड छातीशी लावलं, वरून शाल लपेटली आणि समोर बसल्या. "खिडकी बंद करा," म्हणाल्या. विद्युल्लताबाईंनी उठून बंद केली. मुहूर्त आला. हे दारात घड्याळ बघत होते, काकींकडे बघितलं, आणि घड्याळ खिशात टाकलं.

वेळ जाता जाईना. साडेचारला बाळ दूध ओढायला लागलं. पावणेपाचला कुणीतरी घुगऱ्या वाटू का विचारलं, तर विद्युल्लताबाईच म्हणाल्या, "थांबा हो, काकी सांगतील."

पाच वाजून गेल्यावर काकींनी शालीत हात घालून दोन्ही तळवे चाचपले. मग एक पाऊल बाहेर काढून स्वतःच्या गालाला लावलं, आणि माझा हात ओढून त्या पावलाशी नेला. ऊबदार होतं. अगदी ऊबदार.

"अब लीं," म्हणाल्या आणि बाळ पाळण्यावरून माझ्याकडे दिलं.

मग आम्ही तिचं नाव तेजश्री ठेवलं.